दोन अक्षरे कमी

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवण मागितली, तेव्हा मला आठवला मराठीचा एक तास. बाईंनी फळ्यावर स्वतः रचलेल्या चार ओळी लिहिल्या :

दारातले ऊन
भिंतीवर गेले
उचलून नेले
कुणी त्याला

"ही कविता कशावर आहे?" बाईंनी विचारले. कुणी ऊन म्हणाले, कुणी संध्याकाळ. 'काळ' हा शब्द कवितेत कुठेच नव्हता, त्यामुळे ते उत्तर यायला बराच वेळ लागला.

मग बाईंनी अक्षरे मोजायला लावली. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. हा 'मोठा अभंग' नावाचा छंद, म्हणजे चरणांतल्या अक्षरांचे ठरलेले माप. इथे लघु-गुरू, म्हणजे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, बघायचे नाही, जोडाक्षरही एकच धरायचे, म्हणून 'त्या' एक. मला मात्र शेवटचा चरण अपुरा वाटला. मी उठून दुरुस्ती सुचवली : 'कुणी बरे त्याला'. सहा अक्षरे झाली, मी खूश. बाईंनी ती नाकारली नाही. दोन्ही रूपे वर्गाकडून मोठ्याने म्हणून घेतली. माझ्या ओळीत नुसती चौकशी उरली होती. मूळ ओळीत आवाज मध्येच संपायचा आणि राहिलेल्या दोन अक्षरांच्या जागी सगळा वर्ग गप्प असायचा. छंद म्हणजे केवळ माप नव्हे, हे मला त्या शांततेत कळले.

पण खरी मौज यमकात होती. 'गेले' आणि 'नेले' यांत फरक एका व्यंजनाचा. ऊन भिंतीवर गेले, तोवर ते आपल्या पायांनी चालले होते, बघणाराही निवांत. 'नेले' आले की मागे कुणीतरी उभे राहते आणि निवांतपणाची हुरहुर होते. व्याकरणाच्या तासाला अकर्मक-सकर्मक क्रियापदे घोकून पाठ केली होती: 'गेले'ला कर्म लागत नाही, 'नेले'ला लागते. त्या भेदाने काळीज हलू शकते, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवले. कवितेचा भाव सांगा म्हटले की आम्ही 'दुःख', 'आनंद' असे एका शब्दात मोकळे व्हायचो. बाईंना ते चालत नसे. भाव कुठल्या शब्दापाशी बदलला, तिथे बोट ठेवा, म्हणायच्या.

वहीत उतरवताना मी शेवटी प्रश्नचिन्ह घातले होते. फळ्यावर ते नव्हते. बाईंनी वही पाहिली, चिन्ह खोडले नाही, फक्त विचारले, "हे कोणाला विचारतोस?"

मला उत्तर सुचले नाही. ते चिन्ह मीच पुसले.