जिनिंगचा सर्व्हर आणि आयस्कझी स्टोरेज

हिंगणघाटच्या आसपासच्या जिनिंगमधील संगणकांची देखरेख मी करतो. कापसाचा हंगाम लागला की काटापट्टी, भाव, हमाली आणि शेतकऱ्यांचा चुकारा हा सगळा हिशेब एकाच होस्ट सर्व्हरवरच्या दोन-तीन व्हीएममध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकांमध्ये, चालतो. त्या सर्व्हरने ऐन हंगामात दगा दिला, तर फाटकाबाहेर बंड्या आणि ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत जाते. म्हणून व्हीएमच्या डिस्क सर्व्हरच्या पोटात न ठेवता नेटवर्कवरील स्टोरेजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे एक सर्व्हर बसला तरी दुसरा त्याच डिस्क घेऊन काम पुढे नेईल, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठीची आयस्कझी जोडणी आपल्याकडची वीज आणि आपल्याकडचे हवामान ध्यानात घेऊनच करावी लागते.

डिस्कला द्यावयाच्या स्कझी आज्ञा टीसीपीच्या पाकिटांत घालून साध्या इथरनेटवरून पाठवणे, एवढेच आयस्कझीचे काम. त्याचे मानक 2004 मध्ये आरएफसी 3720 म्हणून प्रसिद्ध झाले आणि 2014 मध्ये आरएफसी 7143 ने त्याची जागा घेतली. आज्ञा देणारा होस्ट हा इनिशिएटर, त्या पाळणारे स्टोरेज हे टार्गेट, आणि टार्गेटने देऊ केलेली प्रत्येक डिस्क म्हणजे लन. सामायिक फोल्डरमध्ये फाइलींचा हिशेब स्टोरेज ठेवते. येथे मात्र स्टोरेजला फाइल ठाऊकच नसते, त्याला केवळ ब्लॉक ठाऊक असतात. त्यामुळे एकाच लनवर ईएक्सटी4 फाइल सिस्टीम करून ती दोन होस्टवर एकाच वेळी माउंट केली, तर दोघेही एकमेकांचे लेखन पुसून टाकतात आणि डेटाचा चुराडा होतो. प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीत, लन थेट न वापरता त्यावर एलव्हीएमचा (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटणाऱ्या व्यवस्थेचा) व्हॉल्यूम ग्रुप करून तो शेअर्ड ठरवावा. तेथे कोणता व्हॉल्यूम कोणत्या होस्टने वापरायचा हे क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टचा गट, सांभाळते. एलव्हीएम-थिन, म्हणजे लागेल तशी जागा देणारा त्याचाच प्रकार, मात्र असे दोन होस्टमध्ये वाटता येत नाही.

प्रत्येक इनिशिएटरचे आयक्यूएन, म्हणजे आयस्कझीतील ओळखीचे नाव, वेगळे असलेच पाहिजे. तयार होस्टची नक्कल करून दुसरा होस्ट उभारला, तर हे नावही जसेच्या तसे येते, आणि मग एकाचे सेशन दुसऱ्याच्या लॉगिनमुळे तुटत राहते. टार्गेटवर कोणत्या आयक्यूएनला प्रवेश द्यायचा ते नेमके लिहावे आणि चॅपचा पासवर्डही ठेवावा. चॅपने ओळख पटते, पण वाहणारा डेटा झाकला जात नाही. म्हणून स्टोरेजचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे असावे, त्याला गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारी वाट) देऊ नये, आणि टार्गेटचे 3260 पोर्ट बाहेरच्या कोणालाही दिसू नये. जम्बो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पाकिटे, वापरायच्या असतील तर होस्ट, स्विच आणि स्टोरेज या तिन्ही ठिकाणी त्या चालू हव्यात. एमटीयू (एका पाकिटाची कमाल मर्यादा) 9000 बाइट असताना तुकडे न करण्याची अट घालून 8972 बाइटचा पिंग पलीकडे पोहोचला, तरच मार्ग नीट आहे असे मानावे. एक गिगाबिटच्या एका तारेवरून सेकंदाला कमाल 125 मेगाबाइटच जातात. काटापट्टीच्या डेटाबेसला ते पुरतात.

आता विजेचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सगळे यावरच अवलंबून आहे. लाइन जाते, येते, पुन्हा जाते. लाइन परत आल्यावर होस्ट आधी जागा झाला आणि स्टोरेज अजून आपल्या डिस्क तपासत असले, तर होस्टला लन दिसत नाही आणि व्हीएम सुरूच होत नाहीत. म्हणून आधी स्विच, मग स्टोरेज, शेवटी होस्ट असा क्रम पक्का करावा. होस्टच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी, किंवा व्हीएम सुरू होण्याआधी काही मिनिटांचा विलंब लावावा. बंद करताना क्रम उलटा असतो. यूपीएसची यूएसबी तार स्टोरेजला जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स या यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्टोरेजला मुख्य आणि होस्टला दुय्यम ठेवले, तर बॅटरी उतरत आल्यावर होस्ट आधी शांतपणे बंद होतो आणि स्टोरेज त्यानंतर. स्विचही त्याच यूपीएसवर हवा. तो विसरला तर बाकी दोघे चालू असूनही डिस्क तुटते.

दुवा क्षणभर तुटला तर किती वाट पाहायची, हे ओपन-आयस्कझी या लिनक्स होस्टवरील इनिशिएटर सॉफ्टवेअरमधील रिप्लेसमेंट टाइमआउट ठरवतो. तो मुळात 120 सेकंद असतो. एकच मार्ग असेल तर तो तसाच राहू द्यावा, कारण स्विच पुन्हा सुरू होईपर्यंत लेखन थांबून राहते आणि व्हीएमला चूक कळवली जात नाही. दोन मार्ग आणि ते दोन्ही एकत्र सांभाळणारे मल्टिपाथ असेल, तर तो 5 ते 15 सेकंदांवर आणावा, म्हणजे काम लगेच दुसऱ्या तारेवर जाते. ओपन-आयस्कझीच्या मुख्य सेटिंग फाइलमधला हा आकडा बदलल्याने आधी नोंदलेल्या टार्गेटचा आकडा बदलत नाही. त्या नोंदीत तो वेगळा बदलावा लागतो.

काट्याची खोली आणि कार्यालय वेगवेगळ्या इमारतींत असतील, तर मधली तार तांब्याची नको, फायबरची हवी, कारण पावसाळ्यातील विजांचा धक्का तांब्यातून थेट दोन्ही टोकांच्या यंत्रांत जातो. रुईचे बारीक तंतू स्टोरेजच्या पंख्यांवर बसून जाळीवर पांढरा थर धरतात. उन्हाळ्यात खोलीच इतकी तापलेली असते की तो थर राहिला तर डिस्कचे तापमान धोक्याच्या पातळीला जाते. स्टोरेज म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून व्हीएमच्या रोजच्या प्रती दुसऱ्या यंत्रावर जाव्यात. आणि ही सगळी तपासणी, म्हणजे एक तार काढून पाहणे, यूपीएसची मुख्य लाइन बंद करून होस्ट खरोखर आधी बंद होतो का ते पाहणे, दसऱ्याच्या आधी, काटा मोकळा असतानाच करून घ्यावी.