मंगळवारी छापत नाही

दुपारी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात मावशीचा मेसेज: ‘लॅपटॉप चालत नाही. बघ.’ नेमकं काय होतंय ते विचारायला फोन केला, तर मावशी झोपलेली.

या ‘चालत नाही’ची मला चीड आहे. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स अशा फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमची तक्रार बगझिलात, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन तक्रारवहीत, नोंदवायला जा, तिथे साधंच विचारतात: काय केलंत, काय व्हायला हवं होतं, झालं काय. पलीकडचा माणूस कदाचित नोकरी सांभाळून, रात्री जेवण उरकून हे वाचणार. तरी लोक लिहितातच, ‘चालत नाही, अर्जंट.’

याउलट ती मंगळवारची तक्रार. २००९च्या सुमारास उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, वापरणाऱ्या एकाने लिहिलं, की बायको म्हणते, ओपनऑफिस या लिहिण्याछापण्याच्या प्रोग्रॅममधून मंगळवारी प्रिंट निघतच नाही. बाकीचे प्रोग्रॅम छापतात. बाईंनी त्याला करूनही दाखवलं. आपल्याकडे ‘प्रिंटरलाच मंगळ आहे’ म्हणून विषय संपला असता, वर कुणी अंगारकी आहे का तेही बघितलं असतं!

पण बाईंचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. आलेली फाइल कसली आहे हे आत डोकावून ओळखणारा ‘फाइल’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिनक्समध्ये असतो. एर्लांग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या एका जुन्या फाइलप्रकाराची खूण म्हणून त्याच्या यादीत एक अख्खी तारीख होती, २२ जानेवारी १९९१, मंगळवार. मधल्या मोकळ्या जागा नीट न लिहिल्यामुळे खूण म्हणून उरलं फक्त ‘ट्यू’, ट्यूजडेचं इंग्रजी लघुरूप. छापायला निघालेल्या कागदाच्या सुरुवातीला त्या दिवसाची तारीख असायची. मंगळवारी नेमक्या जागी ‘ट्यू’ आलं, की हा ‘फाइल’ प्रोग्रॅम म्हणणार, ही एर्लांगची फाइल. मग छपाई बंद. दोष प्रिंटरचा नाही, ओपनऑफिसचाही नाही.

आमची आजी त्या बाईंच्याच जातकुळीतली. संध्याकाळच्या बातम्यांना रेडिओ खरखरायचा. आजोबांनी दुरुस्तीवाल्याला सांगितलं, ‘बिघडलाय.’ त्याने मागचं झाकण काढलं, फुंकर मारली, एक तार डागली. आजी पदराला हात पुसत बाहेर आली. ‘अहो, सकाळी छान वाजतो. गिरणी सुरू झाली की खरखर, पट्टा थांबला की गप्प.’ दुरुस्तीवाल्याने झाकण लावलं आणि पैसे न घेता उठला. गिरणीची मोटर ठिणग्या टाकत होती, त्याला तो तरी काय करणार?

आजी मग गिरणीवाल्याकडे गेली. बातम्यांपुरती थांबव रे बाबा. त्याने पिठाने पांढरी झालेली मान डोलावली आणि गिरणी चालूच ठेवली. बगझिलात अशा तक्रारीवर ‘वोन्टफिक्स’, म्हणजे दुरुस्त करणार नाही, असा शेरा मारून ती बंद करतात. आजीला ते कुठे माहीत, ती दळण न्यायला गेली की पुन्हा सांगायची.