शिकवायला लागलो म्हणजे वाजवणं संपलं?

दर वेळी शब्द वेगळे असतात. "हल्ली क्लासच घेता का?" "मग प्रोग्रॅम बंद?" ओळखीच्या एका बुजुर्ग तबलजींनी तर माझा हात हातात घेऊन अगदी मायेने विचारलं, "काय झालं रे, ओठ गेले का?" ओठ शाबूत आहेत. मी जॅझ सॅक्सोफोन वाजवतो, रचना करतो आणि बऱ्याच वर्षांपासून पुण्यात मुलांना शिकवतो. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

ज्याला वाजवायला जमत नाही तो शिकवतो, असं तुमच्या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. हे मी तुमच्यावर लादत नाहीये. पंचविशीत मी स्वतः असंच बोलायचो, मोठ्या आवाजात, हॉटेलातला शेवटचा सेट संपल्यावर, इतर वादकांसमोर. तेव्हा संध्याकाळी लाउंज आणि दुपारी रेकॉर्डिंग असं चालायचं, आणि शिकवणी घेणाऱ्या वादकाची मला मनापासून कीव यायची.

मग अंधेरीतल्या एका स्टुडिओतून एका संगीतकाराच्या असिस्टंटचा फोन आला. "दादा, दोन तासांचं काम आहे, आल्टो घेऊन या." आल्टो म्हणजे माझा सॅक्सोफोन. गेलो तर स्टँडवर नोटेशन नव्हतं, स्वरांची यादी होती. खालच्या बी-फ्लॅटपासून वरच्या एफपर्यंत प्रत्येक सूर हळू, मध्यम आणि जोरात वाजवायचा. मग तेच सूर तुटक. मग खालून सरकत वर येणारे. शेवटी नुसता श्वास, आणि फुंकर न घालता नुसत्या चाव्यांखालच्या पॅडची टकटक. गाणं नाही, ठेका नाही, सोबतीला कुणी नाही. मधल्या डीवर मी थांबलो. माझ्या आल्टोचा तो सूर जरा चढा लागतो; मी ओठ किंचित सैल करून तो जागेवर आणतो. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "तेच राहू द्या, तेच छान वाटतंय." पैसे त्याच संध्याकाळी मिळाले आणि चोख मिळाले. कागदावर सही घेतली होती, तिथेही लपवाछपवी नव्हती.

पुढे त्या संगीतकाराकडून बोलावणं आलं नाही. बऱ्याच महिन्यांनी एका नातेवाइकांकडे जेवायला बसलो होतो, समोर मालिका लागलेली. कुणीतरी घर सोडून निघालं होतं आणि मागे सॅक्सोफोन वाजत होता. मी घास हातात धरून ऐकत राहिलो. डी माझा होता. वरून खाली येणारी ती ओढ मी झोपेतही ओळखली असती. पण त्याच्या पुढचा सूर असा कोरडा, मागच्याशी काही नातं नसल्यासारखा येऊन बसला, की माझ्या हातून तो तसा कधीच आला नसता. तोही माझाच होता. त्या दिवशी दिलेले सुटे सूर कॉम्प्युटरवर जोडले होते; सगळे सूर माझे, आणि त्यातलं एक वाक्यही माझं नाही. बायकोने खुणेनेच विचारलं, काय झालं? मी टीव्हीकडे बोट दाखवलं; तिला कळलं नाही आणि मला चारचौघांत सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या असिस्टंटला फोन केला. तो अगदी सरळपणे म्हणाला, "दादा, तुमचा आवाज आहे की आमच्याकडे." मला दुखावायचा त्याचा हेतू नव्हता, आणि त्यामुळेच ते वाक्य अजून मनातून निघत नाही.

म्हणून मी शिकवायला लागलो, असं म्हटलं तर गोष्ट छान जुळते. पण तसं नाही. क्लास त्याआधीच सुरू झाला होता, कारण घराचा हप्ता होता आणि लाउंजमध्ये बँडच्या जागी डीजे आला होता. पैशासाठी सुरू केला, यात मला लाज वाटत नाही. बदललं ते एवढंच, की नेमकं काय शिकवायचं ते मला त्या मालिकेनंतर कळलं. दोन सुरांच्या मधलं शिकवायचं. डी मायनर सेव्हन या कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यातला सी, पुढची जी सेव्हन कॉर्ड येताच अर्धा सूर उतरून बीवर येतो. तबल्यात समेकडे जाताना जसं आधीच कळतं, तसं तो सी वाजवतानाच पुढचा बी कानात हवा. हे मुलाला सांगून कळत नाही. त्याच्याशेजारी बसून, पियानोवर कॉर्ड धरून, "आता उतर, आता" असं पन्नासदा करावं लागतं. मग एक दिवस तो न सांगता उतरतो.

तरी तुमचं म्हणणं असेल की हे दुय्यमच. मग जॅकी मॅक्लीनचं काय कराल? न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जॅझ पियानिस्ट बड पॉवेलच्या शेजारात वाढलेला आल्टोवादक, विशीत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर रेकॉर्डवर. ड्रग्जच्या प्रकरणात न्यूयॉर्क पोलिसांनी त्याचं कॅबरे कार्ड काढून घेतलं, म्हणजे शहरातल्या क्लबांत वाजवायची बंदीच. साठच्या दशकाच्या शेवटी तो हार्टफर्ड विद्यापीठात शिकवायला लागला. १९७० मध्ये पत्नी डॉलीसोबत त्याने तिथल्या वस्तीतल्या मुलांसाठी 'आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह' ही कला शिकवणारी संस्था उभी केली. त्याचा सूर ऐकल्यावर "ओठ गेले का" असं विचारायची कुणाची हिंमत होणार नाही.

आणि इतक्या लांब तरी कशाला? मुंबईतलं जॅझ आणि सिनेमाचे ऑर्केस्ट्रे ज्या गोवेकरांनी वाजवले, ते नोटेशन वाचायला गावच्या चर्चच्या शाळेत शिकले होते. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. गावात कुणीतरी पोरांकडून सोल्फेजिओ, म्हणजे नोटेशन बघून सूर म्हणणं, घोटून घेतलं म्हणून शहरात बँड उभे राहिले. आधी शिकवणं होतं, वाजवणं त्यातून आलं.

हे सगळं लिहिताना पंचविशीतला मी मध्ये तोंड घालतोच. म्हणतो, मॅक्लीनमागे विद्यापीठ होतं, तुझ्यामागे भाड्याची खोली आहे. तो ऐंशीच्या दशकात पुन्हा जोमाने रेकॉर्ड करायला लागला, तुझं काय? आणि खरं सांग, रूपकच्या सात मात्रांत तू जे तुकडे लिहितोस, ते वाजवायला दुसरं कुणी मिळत नाही म्हणूनच ही पोरं तयार करतोयस ना? यातलं शेवटचं बऱ्याच अंशी खरं आहे. माझ्या रचना मला माझ्या हयातीत ऐकायच्या आहेत, आणि त्यासाठी पाच-सहा वर्षं एका मुलाला द्यावी लागली तर मी देतो. यात त्या मुलाचा फायदा किती आणि माझा स्वार्थ किती, ते मला वेगळं करता येत नाही. काही मुलं मध्येच बारावीसाठी सोडून जातात, तेव्हा तर मुळीच नाही.

क्लास सुटल्यावर मी रोज लाँग टोन, म्हणजे एकेक सूर लांब धरायचा रियाज, करतो, मधला डी अजूनही ओठाने जागेवर आणतो. कार्यक्रम असेल तर कळवा, येईन. तारीख सांगा, सोबत कोण आहे ते सांगा, मानधनाचं आधी बोला. शनिवार-रविवार सकाळी बॅच असते, ती मात्र सोडणार नाही.