अनुदानाच्या यादीत नाव आलं. पण क्षेत्र किती लागलं?

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी चावडीवर लागली की जो तो आपलं नाव आणि त्यापुढचा विशिष्ट क्रमांक शोधतो आणि केवायसीसाठी (ओळख पडताळणीसाठी) सेवा केंद्र गाठतो. यादी बरोबर आहे का, हे मात्र नुसत्या नावावरून कळत नाही. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र आणि रक्कम हे चार रकाने शेजारी शेजारी हवेत. ते नसतील तर ती यादी अपुरी आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022-23 ते 2025-26 चे दर हेक्टरी असे: जिरायत 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक 22,500 रुपये. नुकसान किमान 33 टक्के हवं आणि मर्यादा 2 हेक्टरची. राज्य सरकार कधी कधी यात वाढ करतं (ऑक्टोबर 2025 मध्ये मर्यादा 3 हेक्टर केली), म्हणून त्या वेळचा शासन निर्णय आधी काढावा. मग गणित सोपं आहे. जुन्नरमध्ये 60 आर (म्हणजे 0.60 हेक्टर) बागायती कांदा गेला, तर 17,000 गुणिले 0.60, म्हणजे 10,200 रुपये. हातात 5,100 पडले तर क्षेत्र बहुधा जिरायत धरलं गेलंय. ई-पीक पाहणीत (मोबाइल अ‍ॅपवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत) सिंचनाचं साधन काय नोंदलंय ते लगेच तपासा. पुरंदरचं अंजीर, सीताफळ बहुवार्षिकात बसतं. राहायला हडपसर-चिंचवडला आणि जमीन तिकडे, अशांची पीक पाहणीच राहून जाते आणि पंचनाम्यात अडचण होते.

यादी मंजूर होऊनही पैसे अडतात ते बहुधा आधारपाशी. रक्कम आधार जोडलेल्या खात्यात जाते, पासबुक दिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. सामाईक क्षेत्राला बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, मयत खातेदाराच्या जागी वारस नोंद लागते.

गैरव्यवहार शोधायची युक्ती बेरजेची आहे. एका गटातल्या सगळ्या लाभार्थ्यांचं बाधित क्षेत्र मिळवा आणि पोटखराबा (लागवडीलायक नसलेला भाग) वगळून सातबाऱ्यावर उरणाऱ्या क्षेत्राशी ताडून पाहा. बेरीज जास्त आली की कुठेतरी वाढीव क्षेत्र घुसलंय. 2025 मध्ये जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगीकडचं अतिवृष्टी अनुदानाचं जे प्रकरण गाजलं, त्यात जमीन नसलेल्यांची नावं आणि फुगवलेलं क्षेत्रच चौकशीत पुढे आलं. चार रकान्यांची यादी ग्रामसभेत वाचली गेली असती, तर शेजारच्या बांधावरच्या माणसानेच हात वर केला असता.

यादी मिळत नसेल तर तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'अमुक गावाची, अमुक महिन्यातल्या नुकसानीची गटनिहाय लाभार्थी यादी, पीक, बाधित क्षेत्र व मंजूर रकमेसह' एवढंच लिहा. आधार किंवा खाते क्रमांक अजिबात मागू नका. तेवढ्यावरून अख्खा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याचं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम 8(1)(ञ) बदलल्यामुळे 'वैयक्तिक माहिती' हे कारण पुढे करणं आणखी सोपं झालंय, आणि हा बदल मला घातक वाटतो. तरी अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायला सांगणारं कलम 4(1)(ख)(बारा) कायम आहे, व्यापक जनहिताचं कलम 8(2) सुद्धा. दोन्ही अर्जातच नमूद करा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.