ड्रॉच्या वहीची प्रगती : हॅपी व्हॅली, 1650 मीटर

ड्रॉ म्हणजे घोड्याला मिळालेला सुरुवातीच्या गेटचा नंबर, 1 नंबर सर्वांत आतला. कुठल्या गेटवर पैसे लावले तर किती परत येतात, हे मी एका वहीत मांडतोय. त्यात हाँगकाँगच्या हॅपी व्हॅली रेसकोर्सवरच्या 1650 मीटरच्या रेसेस भरून झाल्या. हेच अंतर आधी घेतलं, कारण तिथे ड्रॉचा परिणाम नुसत्या डोळ्यांना दिसतो. ट्रॅकचा घेर जेमतेम 1450 मीटर, त्यामुळे स्टार्ट विनिंग पोस्टच्या साधारण 200 मीटर आधी. घोडे जागा धरतायत न धरतायत तोच पहिलं वळण. 11 किंवा 12 नंबरच्या गेटमधल्या जॉकीने एकतर घोडा रेटून पुढे काढायचा, नाहीतर मागे घेऊन रेलला (आतल्या कठड्याला) आणायचा. दोन्ही जमलं नाही तर तीन-चार घोड्यांच्या बाहेरून अख्खं वळण मारावं लागतं आणि शेवटी घोड्यात दम उरत नाही.

शिवाय गेट सोडतीने मिळतं, चांगल्या घोड्याला मुद्दाम आतलं गेट देत नाहीत. म्हणून पुरेशा रेसेस जमल्या की विजयांच्या टक्केवारीतला फरक बराचसा गेटचाच धरता येतो.

पण आपला प्रश्न परताव्याचा आहे, आणि तिथे गणित बदलतं. हाँगकाँग जॉकी क्लब विन पूलमधून, म्हणजे पहिल्या नंबरासाठी लागलेल्या एकूण पैशांतून, 17.5 टक्के कापून घेतो. म्हणजे डोळे मिटून खेळणाऱ्याला 100 मागे 82.5 परत येतात. गेटची तुलना 100 शी नाही, या 82.5 शी करायची. समजा 1 नंबर गेटने 100 रेसेसमध्ये 12 विजय दिले. 12 घोड्यांच्या फील्डमध्ये सरासरी वाटा 8.3 टक्के, म्हणजे गेट उत्तमच. पण सरासरी डिव्हिडंड (जिंकल्यावर हातात येणारी रक्कम) 10 डॉलरला 70 असेल, तर 1000 डॉलर लावून 840 हातात. एवढं चांगलं गेट, आणि 82.5 च्या वर फायदा दीड टक्क्याचा! आतला ड्रॉ पब्लिकलाही दिसतो, भाव आधीच खाली आलेला असतो. हाँगकाँगच्याच दुसऱ्या रेसकोर्सवर, शा टिनच्या सरळ 1000 मीटरला उलटं आहे, तिथे बाहेरच्या रेलजवळचे मोठे नंबर बरे पडतात. तेही सगळ्यांना पाठ आहे.

नव्याने वही सुरू करणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: मोठा डिव्हिडंड बाजूला काढून आकडा पुन्हा बघा. समजा 11 नंबर गेटचे 100 रेसेसमध्ये पाच विजय. चारांचे मिळून 360 डॉलर आणि एकाचा 990. परतावा 135 टक्के दिसतो आणि माणूस बाहेरच्या गेटच्या प्रेमात पडतो. तो एक घोडा काढा, आकडा 36 च्या आसपास येतो. म्हणून मी आता परताव्याशेजारी आणखी एक कॉलम ठेवलाय. प्रत्येक घोड्याच्या शेवटच्या भावाचा व्यस्त (1 भागिले भाव) घ्यायचा, त्या रेसमधल्या सगळ्या व्यस्तांच्या बेरजेने भागायचा, आणि गेटवार बेरीज करायची. हे झाले पब्लिकने धरलेले विजय. प्रत्यक्ष विजयांना त्याने भागलं आणि उत्तर 1 च्या आसपास आलं, तर त्या गेटमध्ये आपल्यासाठी काही उरलेलं नाही. मला हा कॉलम परताव्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो, कारण एका लांब भावाच्या घोड्याने तो तितका हलत नाही.

महालक्ष्मीच्या रेसबुकातही ड्रॉ छापलेला असतो, पण आपल्याकडे फील्ड बऱ्याचदा लहान. त्यात बेटिंगवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 40 टक्क्यांवर गेला. ड्रॉमधून दोन-चार टक्के निघाले तरी ते त्यात कुठल्या कुठे जातात. म्हणून अभ्यास हाँगकाँगचा, आणि तोही कागदावरच.

आता रेलची जागा वेगळी काढतोय. व्हॅलीवर रेल ए, बी, सी आणि सी प्लस 3 अशी सरकवतात. सी प्लस 3 ला ट्रॅक सर्वांत अरुंद. त्यात घोड्याची पळण्याची पद्धत मिसळायची आहे, कारण बाहेरच्या गेटमधला पुढून पळणारा आणि मागून येणारा यांना एकाच ओळीत मोजणं मला पटत नाही. अडचण एवढीच की असे तुकडे पाडले की प्रत्येक खान्यात विजय फार थोडे उरतात. त्यामुळे गेट एकेकटं न धरता 1 ते 4, 5 ते 8 आणि 9 ते 12 असे तीन गट करतोय. सी प्लस 3 चे खाने आधी भरणार.