एकच रिझ्युमे, दोन एजन्सी

आमच्या एजन्सीने पाठवलेल्या एका बाईंना क्लायंट कंपनीने मुलाखतीची वेळ दिली होती, निमंत्रण गेलं होतं, आणि त्याच दुपारी एचआरचा मेल आला: हे प्रोफाइल आमच्याकडे आणखी एका एजन्सीकडून आलंय, तूर्त होल्डवर ठेवतोय. स्टाफिंगच्या, म्हणजे कंपन्यांना माणसं पुरवण्याच्या धंद्यात होल्ड म्हणजे बहुतेक वेळा नकारच. जागा एकच होती. गोदामातल्या साठ्याचा हिशेब ठेवायचा, सहा महिन्यांचं कंत्राट, काम पटलं तर कायम. या बाईंइतकं जुळणारं आमच्या यादीत दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांचं नाव मागे पडलं. त्यांच्या कामाशी याचा काडीचाही संबंध नव्हता.

कंपनी असं का करते, हे उमेदवारांना सहसा कोणी सांगत नाही. एजन्सीचे पैसे कंपनी देते. कायम नोकरी असेल तर एकदाच फी: कुठे एका महिन्याचा पगार, म्हणजे वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, कुठे १५ ते २५ टक्के. कंत्राट असेल तर दर महिन्याच्या बिलावर मार्जिन. शिवाय करारात बहुधा एक कलम असतं, की ज्या एजन्सीने उमेदवार आधी पाठवला तिचा त्याच्यावर हक्क, साधारण सहा महिने ते वर्षभर. एकच माणूस दोन दारांतून आला की दोघं फी मागणार. एचआरला एक जागा भरायची असते, भांडण सोडवायचं नसतं. तो सरळ पुढचा रिझ्युमे उघडतो.

खरं तर अशी नक्कल कंपनीच्या पोर्टललाच, म्हणजे एजन्सी जिथे प्रोफाइल चढवतात तिथेच, सापडायला हवी. फोन नंबर आणि ईमेल जुळले की पोर्टल आपोआप शेरा मारतं. इथे मारला नव्हता, कारण दुसऱ्या एजन्सीने रिझ्युमेवरचा बाईंचा नंबर काढून स्वतःचा टाकला होता. उमेदवाराला कंपनीने परस्पर फोन करू नये म्हणून काही जण हे करतात. दोन्ही कागदांवर त्याच नोकऱ्या त्याच क्रमाने दिसल्या, तेव्हा एचआरच्या लक्षात आलं.

मी दोन्ही प्रती मागवून शेजारी शेजारी ठेवल्या. आमच्या प्रतीत नोटीस पिरियड ३० दिवस, त्यांच्या प्रतीत 'तात्काळ'. अपेक्षित पगार त्यांच्याकडे कमी लावलेला. आणि सॉफ्टवेअरच्या रकान्यात 'एसएपी' (कंपन्यांचा साठा, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) अशी एक ओळ घुसडलेली. बाईंनी एसएपीला कधी हात लावला नव्हता. त्यांचं काम एक्सेल आणि बारकोड स्कॅनरवर चालायचं. कोणी तरी जॉब पोर्टलवरचा जुना रिझ्युमे उचलून जागेच्या वर्णनातले शब्द त्यात भरले होते. एचआरला नकलेपेक्षा हे जास्त खटकलं होतं. मुलाखतीत एसएपीचा पहिलाच प्रश्न आला असता तर खोटेपणाचा डाग बाईंवर लागला असता, एजन्सीवर नाही.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, "एकांचा फोन आला होता. चांगली ओपनिंग आहे, पाठवू का, असं विचारलं. मी म्हटलं, पाठवा." कंपनीचं नाव? सांगितलं नव्हतं. कुठल्या तारखेला? आठवत नाही. पोर्टलवरच्या वेळेनुसार त्या एजन्सीने आमच्या आधी दोन दिवस प्रोफाइल चढवलं होतं, म्हणजे नुसत्या वेळेवर बघायचं तर हक्क त्यांचा.

प्रकरण सुटलं ते एका साध्या मेलमुळे. प्रोफाइल पाठवण्याआधी आम्ही उमेदवाराला मेल करतो: कंपनीचं नाव, पद, ठिकाण, कंत्राट की कायम, पगार किती. उमेदवाराने 'या जागेसाठी माझा रिझ्युमे पाठवायला हरकत नाही' असं उत्तर दिलं की मगच पुढे. या क्लायंटच्या करारात लेखी संमतीची अट होती. आम्ही तो मेल जोडला, बाईंनी दुसऱ्या एजन्सीला दोन ओळी लिहिल्या, 'या कंपनीत माझं प्रोफाइल पाठवायला मी संमती दिलेली नाही, ते मागे घ्यावं', आणि त्याची प्रत आम्हाला दिली. एचआरने होल्ड काढला.

कंपनीचं नाव पहिल्याच फोनवर सांगायला एजन्सी कचरतात, उमेदवार थेट अर्ज करेल ही भीती असते. तेवढं समजून घेता येतं. पण रिझ्युमे पाठवण्याच्या क्षणीही नाव सांगायला तयार नसतील तर तो पाठवू देऊ नये. तीन-चार एजन्सींकडे नाव नोंदवण्यात गैर काही नाही, उलट ते बरंच. फक्त एका कंपनीकडे एकाच दारातून जायचं. त्यासाठी साधी वही पुरते: तारीख, एजन्सी, कंपनी, पद. आणि संपादन करता येईल अशी फाइल देण्यापेक्षा पीडीएफ द्यावी, 'पाठवलेली प्रत मलाही द्या' असं सांगावं. पीडीएफही बदलता येते, पण प्रत मागणाऱ्याच्या रिझ्युमेत फेरफार करताना माणूस जरा विचार करतो.

दुसऱ्या एजन्सीने मग बाईंकडे 'प्रोसेसिंगचा खर्च' मागितला. जे पाठवणंच गैर होतं, त्याचा खर्च! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं सातवं कलम सांगतं की खासगी एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडवळणाने फी घेऊ नये. त्याला अपवादाची सोय आहे आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण व्यवहाराचा नियम तोच: फी कंपनीकडून. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, अनामत अशा कुठल्याही नावाने ऑफरआधी पैसे मागितले तर तिथेच थांबावं. बाईंनी पैसे दिले नाहीत.

मुलाखत नीट झाली, निवड झाली. मग ऑफरचा कागद, आणि खरं वाचायचं ते इथे. कंत्राटी नेमणुकीत पगार एजन्सी देते, काम कंपनी सांगते. कंपनी एजन्सीला जो दर देते त्यातून पगार, कायदेशीर भरणा, विमा, भरपगारी रजा आणि एजन्सीचं मार्जिन निघतं. त्यामुळे सांगितलेला आकडा एकूण खर्चाचा आहे की हातात येणारा, हे लेखी विचारावं लागतं. बाईंनी विचारलं, आणि कागदावर हातात येणारी रक्कम वेगळी लिहून मिळाली. सहा महिन्यांनंतर कंपनीने कायम घ्यायचं ठरवलं तर एजन्सीला रूपांतराची फी द्यावी लागते. ती फी मोठी असली की कंपनी मागेपुढे करते. ठरावीक महिने किंवा तास भरल्यावर ती माफ होते का, हेही त्यांनी विचारून घेतलं. कंत्राट मध्येच तोडलं तर दोन्ही बाजूंना किती दिवसांची नोटीस, हे कलम ऑफरच्या मसुद्यात नव्हतंच. ते आम्ही घातलं.

पहिल्या महिन्याचा पगार अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे टाइमशीट. तास कामगाराने भरायचे, कंपनीच्या सुपरवायझरने मंजूर करायचे, आणि कटऑफ, म्हणजे मंजुरीची शेवटची तारीख, उलटली की रक्कम पुढच्या पगारात जाते. इथे मंजुरी देणारे गृहस्थ नेमके महिनाअखेरीला रजेवर होते. जॉइनिंगच्या दिवशीच पर्यायी मंजुरी कोण देणार त्याचं नाव मेलवर घेऊन ठेवलं होतं, म्हणून कटऑफच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडून मंजुरी मिळाली आणि पगार वेळेवर झाला.