तुम्ही विचारलेत म्हणून : ते शास्त्र होते की कोणाची तरी बाजू?

‘एम.एस्सी. ॲग्री करून इंटर्नशिप केलीस ती लिहिण्याची?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा मी विषय बदलते. पण पुण्यातल्या शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातले माझे वर्गमित्र आणि आता तिथे शिकणारी मुले तोच प्रश्न अधिक नेमका करून विचारतात: कृषी विज्ञानसंवाद, म्हणजे शेतीचे शास्त्र लोकांना सोप्या भाषेत सांगणे, या नावाखाली तू शास्त्र सांगत होतीस की कोणाची तरी बाजू मांडत होतीस? तुम्ही विचारलेत म्हणून, आणि पुन्हा पुन्हा विचारलेत म्हणून, एकदा सविस्तर लिहिते.

मानधन कमी होते, हे खरे आहे. एमपीएससीची आणि बँकेच्या कृषी अधिकारी पदाची तयारी बाजूला ठेवून मी या इंटर्नशिपला गेले, हेही खरे आहे. मात्र वर्ष वाया घालवले, हे मला मान्य नाही. वनस्पती रोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेताना मी प्रबंध लिहायला शिकले होते, पण तेच ज्ञान फोनवर वाट पाहणाऱ्या माणसाला चार वाक्यांत कसे सांगायचे, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नव्हते. माझे पहिले काम दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला वाचून त्यावरून सोपा मजकूर तयार करण्याचे होते. ज्या पुण्यात १९३२ पासून हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग आहे, त्याच पुण्यात राहून ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ हे वाचल्यावर द्राक्षबागायतदाराने आज फवारणी करायची की थांबायचे, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

तरीही तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या सल्ल्यांत नाही. ते मे २०२० मधल्या टोमॅटोत आहे.

टाळेबंदी होती आणि आम्ही सगळे घरून काम करत होतो. पुणे, नगर आणि सातारा जिल्ह्यांतल्या उन्हाळी टोमॅटोची फळे एकसारखी पिकत नव्हती; लाल रंगात पिवळे-हिरवट पट्टे राहत होते आणि शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले होते. तोवर ही फक्त उत्पादकांची चिंता होती. मग हा विषाणू करोनापेक्षा घातक असल्याच्या बातम्या दूरचित्रवाणीवर आल्या. ज्या दिवसांत लोक दुधाच्या पिशव्याही साबणाने धुऊन घरात घेत होते, त्या दिवसांत टोमॅटो नाकारायला एवढे पुरेसे होते.

जुन्नर तालुक्यातल्या एका उत्पादकाने आम्ही दिलेल्या क्रमांकावर फोन केला. ते म्हणाले, ‘मॅडम, नारायणगावला व्यापारी माल घ्यायला तयार नाही. हा रोग माणसाला होतो का, तेवढं एकच सांगा.’ मी त्यांना लगेच सांगितले की होत नाही. वनस्पतींचे विषाणू माणसाच्या शरीरात वाढून रोग निर्माण करत नाहीत आणि असे कितीतरी विषाणू आपण रोज भाजीबरोबर गिळतच असतो. त्यांनी विचारले, ‘मग हे छापा ना. मी सांगून कोण ऐकणार?’

मी त्याच रात्री मजकूर लिहून पाठवला आणि तो अडवला गेला. नमुने बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेकडे तपासणीसाठी गेले असल्यामुळे अहवाल येईपर्यंत आपण काही बोलू नये, अशी वरिष्ठांची भूमिका होती. ती अगदीच निराधार नव्हती. अर्धवट माहितीवर बोलणाऱ्यांमुळेच तर हा गोंधळ झाला होता. परंतु इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जात होते. हा नेमका कोणता विषाणू आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते आणि त्यासाठी अहवालाची वाट पाहणे योग्यच होते. वनस्पतीचा विषाणू टोमॅटो खाणाऱ्याला आजारी पाडतो का, याचे उत्तर मात्र प्रयोगशाळेतून यायचे नव्हते. ते आमच्या पाठ्यपुस्तकात होते. मी हे फोनवर मांडले, ई-मेलमध्ये मांडले, बैठकीत मांडले. ‘तू इथे इंटर्न आहेस, शेतकऱ्यांची वकील नाहीस,’ असे मला ऐकवले गेले.

दरम्यान त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, ‘ताई, मी तोडा बंद केला. तुमचं छापून आलं तर माझ्या मेहुण्याला पाठवा, त्याचा प्लॉट अजून चालू आहे.’ त्यानंतर मी त्यांच्याशी काय बोलले, ते मला आठवत नाही.

पुढे बंगळुरूचा अहवाल आला. मुख्यतः कुकुंबर मोझॅक विषाणू आणि त्याच्या जोडीला इतर काही विषाणू सापडले होते. आमचा मजकूर त्यानंतर प्रसिद्ध झाला आणि त्यात चूक काढण्यासारखे काहीही नव्हते.

इंटर्नशिपच्या अर्जात मी लिहिले होते की शास्त्रज्ञाने तथ्ये सांगावीत आणि निर्णय लोकांवर सोडावा. ते लिहिणाऱ्या मुलीशी मी आजही वाद घालते. तथ्य कधी सांगायचे, हा निर्णय कोणीतरी घेतच असते आणि तो घेताना कोणाची तरी बाजू घेतली जातेच. मे महिन्यात गप्प राहणे ही काही तटस्थता नव्हती. पण ती मुलगी मला उलट विचारते, आणि तिचे म्हणणेही मला खोडता येत नाही. मी ‘बियाणेच सदोष आहे’ असे लिहावे, अशी त्याच भागातल्या काही उत्पादकांची अपेक्षा होती. मी ते लिहिले नाही, कारण हा विषाणू प्रामुख्याने मावा ही रस शोषणारी कीड पसरवते आणि बियाण्यावर दोष ठेवण्याइतका पुरावा माझ्यापुढे नव्हता. त्यांनी मला बियाणे कंपनीची माणूस ठरवले. माझे मन पूर्णपणे त्यांच्या बाजूने असताना मला त्यांच्या विरुद्ध जाणारे वाक्य लिहावे लागले, आणि पक्ष घेऊनच काम करायचे असेल तर असे वाक्य लिहिण्याचे बळ प्रत्येक वेळी कुठून आणायचे, हे मला आजही सांगता येणार नाही.

जनुकीय बदल केलेल्या वाणांचा विषय काढून तुमच्यापैकी काही जण मला टोकतात, म्हणून तेही सांगते. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याच्या फायद्यांबद्दल मी लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन. मात्र गुलाबी बोंडअळीने त्या वाणांना दाद देणे बंद केले, हेही त्याच लेखात यायला हवे. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट मिळत असे. अळीमध्ये प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून ते शेताच्या कडेने पेरायचे होते, आणि असंख्य शेतकऱ्यांनी ते फेकून दिले. पाकीट विकले गेले, पण त्यामागचे कारण बांधापर्यंत पोहोचले नाही. ते पोहोचवण्याचे काम मला शास्त्राबाहेरचे वाटत नाही.

परवा शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने मला विचारले की अशाच एका ठिकाणी तिची निवड झाली आहे, तर तिने जावे का. मी तिला हो किंवा नाही सांगितले नाही. इंटर्नने लिहिलेला मजकूर तिथे कोण अडवू शकते आणि अडवल्यास कारण लेखी देतात का, एवढे तिला विचारून घ्यायला सांगितले. ती सोमवारी विचारणार आहे.